राऊतांच्या भिंतीवरचं पाणी

पूर ओसरला की माणसं चिखल काढतात, गाद्या वाळत घालतात, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला फोन लावतात. भालचंद्र राऊत आधी रंगाचा डबा शोधायचा.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गावठाण संपून वाड्या सुरू होतात, त्या आळीत त्याचं घर. उंच जोत्यावरचं, कौलं काढून स्लॅब टाकलेलं, मागे केळी, मोगरा आणि एक सोनचाफा. ओटीच्या डाव्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटने ओढलेल्या चार रेघा होत्या आणि प्रत्येकीपुढे साल लिहिलेलं होतं. सगळ्यांत वरची रेघ २००५ची. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी या रेघा दाखवल्या जात. भालचंद्र तिथे उभा राहून वरच्या रेघेवर तळहात टेकवायचा आणि म्हणायचा, "आमच्याकडे पाणी छातीला लागलं होतं." कोणाच्या छातीला, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

वास्तविक पाण्यातलं त्याला काही कळत नव्हतं, आणि हे सगळ्यांत आधी त्यालाच ठाऊक होतं. त्याचे वडील केळीच्या वाफ्यात अनवाणी उभे राहून पायाच्या बोटांनी सांगायचे, आता पुरे, बांध फोडा. भालचंद्रने बाग शिंपायला घेतली की पाणी समोरच्या अँथनीच्या दारात जायचं. म्हणून वडिलांनी त्याला वेळीच फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत चिकटवला. तिथे त्याने चौतीस वर्षं जहाजांचे कागद सांभाळले; जहाजावर पाऊल ठेवलं ते एकदा, आणि तेव्हाही त्याला मळमळलं. असा माणूस आळीत पाण्याचा जाणकार म्हणून कसा काय गणला गेला, याचं त्याला स्वतःलाही नवल वाटे. पण मान आपणहून चालत येत असेल तर त्याला दारातून परत पाठवण्याइतका तो मूर्ख नव्हता. त्याचा मूर्खपणा दुसऱ्या जातीचा होता.

आळीची रीतच तशी होती. पाणी उतरलं की पुरुषमंडळी नाक्यावर जमायची आणि पहिला प्रश्न असायचा, "तुमच्याकडे किती?" घोट्यापर्यंत म्हणणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नसे. गुडघ्याला थोडी किंमत होती. कंबर म्हटलं की लोक जागा करून द्यायचे. आणि राऊतांकडे छाती होती, तीही भिंतीवर लिहिलेली.

ती रेघ छातीला कशी पोचली, हीसुद्धा ऐकण्यासारखी गोष्ट आहे. पहिल्या वर्षी त्याने रेघ चिखलाच्या डागावरच काढली होती, प्रामाणिकपणे. पुढे दर तीन-चार वर्षांनी दिवाळीच्या आधी ओटीला रंग लागायचा, रंगारी रेघा झाकून टाकायचा आणि भालचंद्र त्या अंदाजाने पुन्हा काढायचा. अंदाज करताना त्याचा हात कधी खाली गेला नाही. मांडीची रेघ कमरेला आली, कमरेची बरगडीला. वीस वर्षांपूर्वी ओसरून गेलेला पूर राऊतांच्या भिंतीवर अजून चढत होता.

या बाबतीत त्याला आडवा जाणारा एकच माणूस होता, समोरचा अँथनी. अँथनी मूळचा मिठागराकडचा, जन्मभर गवंडीकामाचे ठेके घेतलेला. दोन्ही घरांच्या मधे आठ फुटांचा रस्ता. "माझ्या घरात कमरेला पानी आणि तुझ्या घरात छातीला?" अँथनी भर नाक्यावर विचारायचा. "मधल्या रस्त्यावर धबधबा होता काय रे, भालू?" भालचंद्रने एकदा सांगून टाकलं की आमचं जोतं खाली आहे. ते अँथनीपेक्षा चांगलं वीतभर वर होतं, आणि बांधलं होतं अँथनीच्याच बापाने. त्यानंतर चार वर्षं दोघांचं बोलणं लग्नाच्या आमंत्रणापुरतं उरलं.

गेल्या जुलैत पुन्हा पाणी आलं. घरात फूटभर शिरलं. फ्रीज गेला, वॉशिंग मशीन गेलं, खालच्या फळीवरचे तांदूळ गेले. पाणी आत येत होतं तेव्हा भालचंद्र घरी नव्हता. छत्री घेऊन तो तुळिंजला गेला होता, तिकडे किती आहे ते बघायला. जाणकार म्हटल्यावर हे सगळं करावं लागतं. परत आला तोवर मुलगा मयूर बोळिंजच्या आपल्या फ्लॅटवरून मांडीभर पाण्यातून चालत येऊन आईबरोबर सामान वर चढवत होता.

मयूर वसई पूर्वेच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. बोलायला कमी. बापाने पाहुण्यांपुढे पुराची गोष्ट सुरू केली की तो उठून मागच्या बागेत जायचा. त्याला कंटाळा येतो, असा भालचंद्रचा समज होता. त्या दिवशी मात्र तो बोलला.

"पप्पा, हे शेवटचं. घराचा विमा काढा, पुरासकट. परवडेल अशा हप्त्यात मिळाला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही मिळाला, तर जागेच्या मागे लागलेल्या त्या बिल्डरला हो म्हणायचं आणि तुम्ही दोघांनी बोळिंजला यायचं. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे."

भालचंद्र हो म्हणाला. चार पिढ्या या जागेवर जन्मल्या आणि इथूनच उचलल्या गेल्या. हे घर सुटलं तर आपण कोण, हे त्याला कोणालाच सांगता आलं नसतं. फ्लॅटमधला राऊत म्हणजे लेटरबॉक्सवरचं एक नाव.

विम्याचा अर्ज त्याने कोणालाही हात लावू न देता भरला. चौतीस वर्षं कागद सांभाळलेला माणूस! घराच्या किमतीपुढे त्याने बिल्डरने सांगितलेला आकडा ठेवला, दोन कोटी दहा लाख. चार दिवसांनी कंपनीकडून कॅरल नावाच्या मुलीचा फोन आला. ती हसू दाबत होती.

"काका, जमीन वाहून जात नाही. जमिनीचा विमा नसतो. हेच घर पुन्हा बांधायला गवंडी, सिमेंट, मजुरी धरून किती लागेल, तेवढंच लिहायचं."

तिने फोनवरच हिशेब केला. आठशे चौरस फूट, अमुक दर, म्हणजे वीस लाखांच्या आसपास. भालचंद्रला राग आला. चार पिढ्यांचं घर आणि वीस लाख? मग तिने सांगितलं की आकडा लहान म्हणजे हप्ताही लहान, आणि त्याचा राग जागच्या जागी विरघळला. सामानाची यादी वेगळी द्यायची होती. त्याने तीत वडिलांचा बंद पडलेला रेडिओ पहिला लिहिला. त्याची बायको प्रेमला हिने तो कागद फाडला आणि मिक्सरपासून सुरुवात करून नवी यादी केली.

मग कॅरल स्वतः घर बघायला आली. वसई गावातली, तिशीच्या आतली मुलगी. स्कूटर लावून, हेल्मेट ओटीवर ठेवून तिने थेट टेप काढली. जोतं मोजलं, रस्त्यापासून दोन फूट दोन इंच. "मस्त आहे," ती म्हणाली. भिंती पाहिल्या, स्लॅब पाहिला, नाला किती लांब ते विचारलं. सगळं सुतासारखं चाललं होतं. प्रेमलाने चहा आणला. कॅरलने एक घोट घेतला आणि कागदावरून नजर न काढता विचारलं, "आधी कधी पाणी आत आलंय का, काका? साधारण किती?"

कोणताही शहाणा माणूस इथे खाकरला असता. थोडंफार, म्हणाला असता. कॅरलच्या पाठीमागे उभी राहून प्रेमला डोळे मोठे करत होती. भालचंद्रला ते दिसले. पण एक तरुण मुलगी, हातात टेप आणि कागद घेऊन, अधिकृतपणे, त्याला पाण्याबद्दल विचारत होती. वीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न दारात आला होता. तो उठला.

"या इकडे," तो म्हणाला.

त्याने तिला भिंतीपाशी नेलं आणि चारही रेघा क्रमाने समजावल्या. २००५च्या रेघेवर तळहात टेकवला. "आमच्याकडे छातीला लागलं होतं," तो म्हणाला. कॅरलने टेप लावली. ओटीच्या फरशीपासून चार फूट चार इंच. "बापरे," ती म्हणाली, आणि त्या बापरेने भालचंद्र आणखी फुलला. "उंचीचा अंदाज यावा म्हणून बाजूला उभे राहता का?" तिने विचारलं. तो उभा राहिला. त्या फोटोत तो हसतोय, विजेत्या पहिलवानासारखा.

आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं. वर्षाचा हप्ता अडतीस हजार चारशे. त्यावर प्रत्येक नुकसानीतले पहिले एक लाख घरमालकाने सोसायचे. फ्रीज, मशीन आणि तांदूळ मिळून लाख होत नव्हते. म्हणजे दरसाल अडतीस हजार भरून गेल्या जुलैसारखं पाणी आलं तर हातात भोपळा.

त्याने कॅरलला फोन लावला. तिने शांतपणे सांगितलं, "काका, हप्ता कसा ठरतो बघा. घर बांधायला किती लागेल, ते एक. पाणी किती वेळा आलं, ते दुसरं. आणि किती चढलं, ते सगळ्यांत महत्त्वाचं. फूटभर पाण्यात फर्निचरचे पाय भिजतात. चार फुटांत कपाटं, गाद्या, वायरिंग, सगळं जातं. तुमच्या भिंतीवरची रेघ स्विचबोर्डाच्याही वर आहे."

भालचंद्रने फोन कानाला तसाच धरून मान वळवली. ओटीवरचा स्विचबोर्ड वडिलांच्या काळचा होता, काळ्या गोल बटणांचा, आणि अजून चालू होता. तो आयुष्यात कधी भिजला नव्हता. एवढी वर्षं खोट्या रेघेच्या शेजारी हा साक्षीदार बसून होता आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्यावरच पंखा लावत होता.

"रेघा खोट्या आहेत," तो फोनवर म्हणाला. "म्हणजे खऱ्या आहेत, पण वाढवलेल्या."

"काका, रागावू नका," कॅरल म्हणाली, "पण हप्त्याचा आकडा ऐकला की सगळ्यांच्याच घरातलं पाणी कमी होतं. मला दुसरा काही पुरावा द्या. शेजारच्या कोणाकडे त्या वेळची खूण असेल तर बघू."

मयूरला पत्र कळलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "पप्पा, मी काही बोलत नाही." बोलला असता तर बरं झालं असतं. भालचंद्र ओटीवर बसून आपल्याच हस्ताक्षरातल्या सालांकडे बघत राहिला. घर पुराने नाही, बिल्डरने नाही, आपल्या बढाईने जाणार. वंशाचं नाव काढलंस रे, भालू, तो स्वतःशी म्हणाला. वडिलांनी जोतं बांधलं, आजोबांनी विहीर बांधली, आणि तू काय बांधलंस, तर रेघ.

संध्याकाळी तो रस्ता ओलांडून गेला. अँथनी पडवीत बसून कोळंबी सोलत होता.

"अँथनी, मी खोटारडा आहे असं तू म्हणायचास ना?"

"कधी?"

"कायमच."

"हां, मग?"

"ते लिहून दे."

अँथनीने कोळंबी खाली ठेवली. भालचंद्रने सगळं सांगितलं, काही न लपवता. लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. अँथनी इतका वेळ हसला की आतून त्याची बायको एस्थर पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तिला वाटलं ठसका लागला. ओल्या डोळ्यांनी तो म्हणाला, "भालू, वीस वर्षं मी हेच सांगत होतो तेव्हा फुकट होतं. आता म्हणतोस लिहून दे." मग उठून त्याने स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दाखवली. त्यात खिळ्याने ओढलेली एक बारीक खाच होती. २००५ला पाणी घरात उभं होतं तेव्हाच त्याने ती मारली होती, गवंड्याच्या सवयीने. रंग देताना त्याने ती कधी बुजू दिली नव्हती आणि कोणाला दाखवलीही नव्हती.

"वर्षानुवर्षं तुझ्याकडे पुरावा होता," भालचंद्र म्हणाला. "नाक्यावर दाखवला का नाहीस?"

"दाखवला असता तर तू माझ्याशी परत कधी बोलला असतास काय?" अँथनी म्हणाला.

पुढच्या रविवारी मिसा आटोपून अँथनी चर्चच्या इस्त्रीच्या कपड्यांतच आला, खांद्यावर गवंड्यांची पाण्याची नळी. लांब पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. दोन टोकं कितीही लांब नेली तरी दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते. कॅरल आली होती. मयूरही आला होता, का ते त्याने सांगितलं नाही. नळी अँथनीच्या स्वयंपाकघरातून रस्त्यावरून राऊतांच्या ओटीवर आली. एक टोक खाचेशी एस्थरने धरलं, दुसरं भिंतीशी अँथनीने. रस्त्यावरून जाणारे दोघेचौघे थांबले. नळीतलं पाणी वरखाली झालं, डुचमळलं आणि ठरलं. अँथनीने कानावरची पेन्सिल काढून खूण केली आणि कॅरलने तिला टेप लावली.

दोन फूट चार इंच.

तांबडी रेघ त्याच्या बरोब्बर दोन फूट वर होती. रस्त्यावरच्या एकाने "अरे देवा" म्हटल्यावर सगळेच हसले. भालचंद्रही हसला. त्याला एका परीने हलकं वाटलं होतं. कॅरलने त्याला पुन्हा भिंतीशी उभं करून फोटो काढला. मग त्याने कागदावर लिहून दिलं, की मी भालचंद्र गोविंद राऊत, भिंतीवरच्या रेघा मी स्वतः वेळोवेळी वाढवून काढल्या आहेत. अँथनीने त्याची एक झेरॉक्स मागितली, फ्रेम करायला.

"बस, एकच राहिलं," कॅरल म्हणाली. "त्या वेळी घरात कोण होतं? त्यांचाही दोन ओळींचा जबाब लागेल."

भालचंद्रचं तोंड सवयीने उघडलं. "आमच्याकडे," त्याने सुरुवात केली.

"मी होते," प्रेमला दारातून म्हणाली. "हे नव्हते. हे मुंबईला ऑफिसात अडकले होते. तिसऱ्या दिवशी आले, पाणी गेल्यावर."

कॅरलचं पेन थांबलं. प्रेमलाने हात पदराला पुसले आणि सरळ सांगायला लागली, भाजीवालीला दर सांगावा तशा आवाजात. पाणी आधी मोरीतून आलं. मग मागच्या दाराखालून. दिवे गेले होते. मयूर नऊ वर्षांचा. त्याला तिने स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलं आणि स्वतः पुढे उभी राहिली, तो खाली उतरू नये म्हणून. पाणी मांडीच्या वर आलं आणि थांबलं. पण थांबलंय हे तिला कळायला तास लागला. तोवर ते आणखी किती येणार हे सांगणारं कोणी नव्हतं. मधे एक दिवड, पाणसाप, पायाला घासून गेली. ती ओरडली नाही, कारण मयूर घाबरला असता. पाच तास ती तशीच उभी होती.

"एवढंच होतं, बाई, तुझ्या टेपने मोजलंस तेवढंच," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पाच तास उभं राहिल्याचं काही मिळतं का गं तुमच्याकडे?"

"नाही, काकू," कॅरल म्हणाली. "त्याला रकाना नाही."

भालचंद्रच्या अंगातलं हसू गेलं होतं. त्याला हे सगळं ठाऊक होतं, म्हणजे तिसऱ्या दिवशी आल्यावर तिने दोन वाक्यांत सांगितलं होतं आणि त्याने ते ऐकता ऐकता रंगाचा डबा शोधला होता. बायकोला मांडीभर पाण्यात उभं राहावं लागलं, ते त्याने नेऊन आपल्या छातीला लावलं होतं. आपण दोन फुटांचं खोटं बोललो असं त्याला वाटत होतं. आता ते किती फुटांचं होतं ते मोजवेना. समोर एवढी माणसं असताना कुठे बघावं ते कळेना.

मयूर बागेत गेला होता. भालचंद्र त्याच्या मागून गेला. मयूर सोनचाफ्याखाली उभा होता.

"तू काय करत होतास रे, ओट्यावर?"

"मोजत होतो," मयूर म्हणाला. "मम्मी म्हणाली शंभरपर्यंत मोज, तोवर पप्पा येतील. शंभर झाले की पुन्हा एकपासून. किती वेळा मोजले ते आठवत नाही." आणि मग, बापाकडे न बघता, "तुम्ही कोणाला पुराची गोष्ट सांगायला लागलात की मला अजून ते आकडे ऐकू येतात."

भालचंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माफ कर, असं तो म्हणाला, पण इतक्या हळू की स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही. मयूरने मान हलवली.

नवीन पत्र आलं. हप्ता सात हजार नऊशे, पहिले पंचवीस हजार आपले. शिवाय वॉशिंग मशीन उंच चौथऱ्यावर ठेवायची अट. मयूरने फोनवर सांगितलं, "मी शब्द दिला होता. भरून टाका." घर वाचलं होतं. भालचंद्रने पेन काढलं, आणि तसंच हातात धरून तो स्वयंपाकघरात गेला. हा प्रश्न त्याने आजवर विचारला नव्हता, आणि तो विचारायचा असतो हे त्याला सहासष्टाव्या वर्षी सुचत होतं, याचं त्याला हसूही आलं आणि रडूही.

"तुला इथे राहायचंय का, प्रेमला? का बोळिंजला जायचं?"

ती लसूण सोलत होती. "राहायचंय," ती म्हणाली. "बाग माझी आहे. तुमच्या हातून तर एक रोप जगलं नाही." मग सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकून ती म्हणाली, "पण पुढच्या वेळी पाणी येईल तेव्हा तुम्ही कुठे असाल, ते तुमच्या कंपनीने विचारलं नाही. मी विचारते."

"घरी," भालचंद्र म्हणाला.

"बघू," ती म्हणाली.

त्याने हप्ता भरला, आणि ओटीची भिंत सबंध पांढरी करून घेतली. पाहुण्यांना दाखवायला आता काहीच नव्हतं. काही जण विचारायचे, रेघा कुठे गेल्या? तो सांगायचा, ओसरल्या.

यंदाच्या जुलैत सलग दोन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी अँथनीने समोरून हाक मारली, तुळिंजला गाड्या बंद पडल्यात, नाल्याचं पानी पुलाला लागलंय, चल बघून येऊ. भालचंद्रचा हात छत्रीकडे गेला. तिथे तो थांबला. "तू जा," तो ओरडून म्हणाला. "मी घरी आहे."

मग तो ओटीवर उभा राहिला. आधी रस्ता दिसेनासा झाला. मग अँथनीच्या दारातल्या कुंड्या. मग आपल्या जोत्याची पहिली पायरी. त्याने पाणी ओसरल्यावर पाहिलं होतं, दुसऱ्यांच्या गल्ल्यांत उभं असलेलं पाहिलं होतं. आपल्या दारात चढताना ते तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला वाटायचं ते घोंघावत येत असेल. ते अजिबात आवाज करत नव्हतं. क्षणभर नजर दुसरीकडे गेली आणि परत आली तर दुसरी पायरी नव्हती. नुसत्या दोन पायऱ्या, पांढऱ्या उजेडात, शेजारी बायको उभी, खिशात विम्याचा कागद. तरी त्याने दाराची चौकट धरली. आणि त्या पुरात ती काळोखात एकटी होती, ओट्यावर पोर घेऊन.

"किती येईल हो?" प्रेमलाने विचारलं.

आख्खी आळी त्याला हे विचारत आली होती आणि प्रत्येक वेळी त्याच्यापाशी उत्तर तयार असायचं, नाल्याच्या, भरतीच्या, वाऱ्याच्या हवाल्यासकट.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय, प्रेमला."

तिने वळून त्याच्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"मलाही," ती म्हणाली. "या, दिवाणाचं ते टोक धरा."